एकाहत्तर दिवसांत दोन कौल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

निवडणुकीचे दिवस आले की 'लोकांना काय कळतंय?' हा प्रश्न हमखास कानावर पडतो. प्रश्न कसला, तो निकालच असतो. कधी तो पक्षाच्या कार्यालयात ऐकू येतो, कधी एसटी स्टँडवर, तर कधी चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांच्या दिवाणखान्यात. लोक जात बघून मत देतात, पैसे घेऊन देतात, पोस्टरवरचा चेहरा बघून देतात; धोरण, कायदा, राज्याचं भलंबुरं यातलं सामान्य माणसाला काही उमगत नाही, असा त्याचा अर्थ. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला या समजुतीचं नवल वाटतं. कारण ती आपल्या लोकशाहीइतकीच जुनी आहे आणि लोकशाही सुरू झाल्यापासून पुन्हापुन्हा खोटी ठरत आली आहे.

१९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मतदारांची संख्या होती सतरा कोटींच्या वर. त्यातल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यावर उपाय काढला तो चिन्हांचा. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावं मात्र यादीतून वगळावी लागली. अशा देशाने निवडणुका घेणं म्हणजे जुगार आहे, असं त्या वेळी देशात आणि परदेशात अनेकांना वाटत होतं. जुगार वाटणाऱ्यांनी एक गृहीत धरलं होतं. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला परिस्थितीही वाचता येत नाही, असं त्यांना वाटत होतं. ही समजूत किती पोकळ आहे हे दाखवणारं एक उदाहरण आपल्या अगदी शेजारी, गोव्यात घडलेलं आहे. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

गोव्याच्या मतदाराने डिसेंबर १९६३ ते मार्च १९६७ या सव्वातीन वर्षांत तीन वेळा मत दिलं. आणि तिन्ही वेळा कोणा ना कोणा जाणत्या पुढाऱ्याचा हिशेब चुकवला. एकदा काँग्रेसचा, एकदा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा आणि त्याच्याबरोबर आपल्या महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांचा, आणि एकदा युनायटेड गोवन्स पक्षाचा. आळीपाळीने तिघांचाही. आपण ही गोष्ट क्रमाने पाहू.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. या सत्तेखाली, विशेषतः सालाझारच्या हुकूमशाहीच्या काळात, सामान्य गोवेकराला राजकारणात बोलायची सोय नव्हती. सभा नाही, पक्ष नाही, वर्तमानपत्रावर सेन्सॉरची कात्री. साक्षरता म्हणाल तर दहा माणसांत जेमतेम तिघं लिहिणारे-वाचणारे. अशा प्रदेशात ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिल्यांदा प्रौढ मताधिकाराने विधानसभेची निवडणूक झाली. जागा तीस. गोव्याच्या अठ्ठावीस, दमणची एक आणि दीवची एक.

काँग्रेसला काळजीचं कारण दिसत नव्हतं. गोवा मुक्त केला तो काँग्रेसच्या सरकारने. देशभर पंडित नेहरूंचा दबदबा होता. दोन वर्षांपूर्वी मुक्त झालेले लोक मुक्त करणाऱ्यांना मत देणार नाहीत तर कोणाला देतील? पण निकाल लागला तेव्हा गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नव्हती. तीसपैकी तिच्या वाट्याला आली ती दमणमधली एक. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे 'मगो'ला, चौदा जागा मिळाल्या आणि युनायटेड गोवन्सला बारा. अपक्षांच्या पाठिंब्यावर मगोचे नेते दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

लोक कृतघ्न होते का? मला तसं वाटत नाही. मुक्तीबद्दलचा आनंद वेगळा आणि उद्या आपल्या गावात राज्य कोणी करायचं हा प्रश्न वेगळा, एवढं त्यांना कळत होतं. गोव्यातला बहुजन समाज पिढ्यान् पिढ्या भाटकारांच्या जमिनीत राबत आलेला. कूळ म्हणून कसणारा, मुंडकार म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडं बांधून राहणारा. देवळात त्याची जागा ठरलेली आणि शाळेचं तोंड अनेकांनी पाहिलेलं नाही. काँग्रेसचे स्थानिक पुढारी त्याला आपले वाटेनात, कारण त्यांच्यातल्या पुष्कळांचे चेहरे त्याला जुन्या वरच्या वर्गातले दिसत होते. भाऊसाहेब स्वतः खाणमालक, पैशाने मोठे. पण ते बहुजन समाजातले होते आणि त्याच समाजाच्या भाषेत बोलत होते. दुसरीकडे ख्रिस्ती समाजाला भीती होती ती गोव्याचं वेगळेपण पुसलं जाण्याची. म्हणून तो डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सच्या मागे उभा राहिला. दोघांनाही आपापला प्रश्न ठाऊक होता आणि दोघांनीही त्याला धरून उत्तर दिलं.

इथून दुसऱ्या हिशेबाला सुरुवात झाली. मगोच्या नावातच 'महाराष्ट्रवादी' हा शब्द होता. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्याची जाहीर भूमिका. तेव्हा पक्षाने सरळ अर्थ काढला, की लोकांनी आम्हाला निवडलं म्हणजे विलीनीकरणाला होकार दिला. जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव मंजूर केला. महाराष्ट्राच्या विधानसभेनेही तसाच ठराव केला. युनायटेड गोवन्सचं म्हणणं असं, की सरकार निवडणं ही एक गोष्ट आणि आपला प्रदेश कायमचा दुसऱ्या राज्यात मिळवणं ही निराळी गोष्ट. सरकार पाच वर्षांनी बदलता येतं, विलीनीकरण बदलता येत नाही. त्यासाठी लोकांना वेगळं विचारा. गोव्यातल्या काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हाच आग्रह धरला. मुक्तीनंतर पंडित नेहरूंनी गोव्याची वेगळी ओळख जपली जाईल असं आश्वासन दिलं होतं. पण १९६४ साली नेहरू गेले, १९६६ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रीही गेले. अखेर इंदिरा गांधींच्या काळात निर्णय झाला, की गोव्यात जनमत कौल घ्यायचा. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला. मतदानाचा दिवस ठरला १६ जानेवारी १९६७.

आजवर भारतात एखाद्या प्रदेशाने दुसऱ्या राज्यात जावं की नाही हे थेट मतदारांना विचारण्याचे प्रसंग फार थोडे आले. त्यामुळे या कौलाचं मोल मोठं होतं. मतपत्रिकेवर चिन्हं दोनच. विलीनीकरण हवं असेल तर 'फूल'. केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर 'दोन पानं'. उमेदवार नाही, पक्ष नाही, जातीचा माणूस नाही. नुसता प्रश्न.

आपल्याकडच्या पुढाऱ्यांना निकालाबद्दल फारशी शंका नव्हती. त्यांचा हिशेब असा. गोव्यात हिंदूंची संख्या साठ टक्क्यांच्या आसपास. हिंदू घरांत देवाधर्माची, कीर्तनाची, नाटकाची भाषा मराठी. शाळा मराठी. १९६३ साली हाच समाज मगोच्या मागे उभा राहिलेला. म्हणजे साठातले बहुतेक सगळे फुलावर शिक्का मारणार. ख्रिस्ती समाज विरोधात जाईल, पण तो चाळीस टक्क्यांच्या आत. संपलं. 'झालाच पाहिजे' ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली घोषणा गोव्याच्या भिंतींवर उमटली. महाराष्ट्रातून पुढारी सभांना गेले आणि आपल्या वर्तमानपत्रांनी विलीनीकरणाची बाजू लावून धरली. या उत्साहात खोटं काही नव्हतं. सीमाभागातली माणसं अजून बाहेर होती आणि मराठी माणसांचं राज्य पुरं व्हावं ही आस खरी होती.

पण हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नव्हती. ज्यांची डोकी मोजली जात होती, त्यांना महाराष्ट्राविषयी आधीपासून बरंच काही माहीत होतं.

ते कसं, ते सांगतो. गोव्यातून कामधंद्यासाठी मुंबईला जाण्याची रीत फार जुनी. गावागावांचे 'कूड' मुंबईत होते, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. बोटीवर काम करणारे खलाशी, हॉटेलांतले आचारी, बँडमधले वादक, गिरण्या-कचेऱ्यांतले कामगार, गाणाऱ्या आणि नाटकांत काम करणाऱ्या कलावंत स्त्रिया. ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही समाजांची माणसं मुंबईत होती. सुट्टीला घरी आलं की मुंबईच्या गोष्टी गावात पसरत. मुंबईत नोकरी कशी मिळते, कोणाच्या ओळखीने मिळते, खोलीचं भाडं किती, कचेरीतला कारकून कसा बोलतो, हे गोव्यातल्या खेड्यातल्या बाईलाही आपल्या भावाच्या किंवा नवऱ्याच्या तोंडून कळलेलं असे. महाराष्ट्र हे तिच्या दृष्टीने भाषणातलं नाव नव्हतं. तिथे तिच्या घरचं कोणीतरी राहत होतं.

दारूबंदीचंच घ्या. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यापासून दारूबंदी होती आणि महाराष्ट्रात तीच पुढे चालू राहिली. प्यायचं तर परवाना लागे. हा विषय सभ्य माणसाला हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. पण गोव्यात माडावर चढून सूर काढणारे रेंदेर, फेणी गाळणारे, गावातली ताव्हेर्न चालवणारे अशी किती घरं त्यावर जगत होती! पाव भाजणारा पदेरसुद्धा पीठ फुगवायला माडाची सूर वापरी. विलीनीकरण झालं तर माडाचं काय होईल, हा प्रश्न रेंदेराने विचारला तर तो अडाणी म्हणायचा का? कायद्याचा आपल्या पोटाशी काय संबंध आहे हे ओळखणं, याहून अधिक राजकीय जाण ती कोणती?

नोकऱ्यांचंही तसंच. मुक्तीनंतर गोव्याचा कारभार चालवायला बाहेरून अधिकारी आणि कर्मचारी प्रतिनियुक्तीवर आणले गेले होते. त्यांतले पुष्कळ महाराष्ट्रातले. वरच्या खुर्चीत परका माणूस बसला की काय वाटतं, याचा अनुभव गोवेकराने पाच वर्षं घेतलेला. त्यावरून तो पुढचा अंदाज बांधत होता. आज पणजीला मंत्री भेटतो. उद्या गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा झाला, की कामासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागतील. आज विधानसभेत गोव्याचे अठ्ठावीस आमदार बसतात. उद्या मोठ्या सभागृहात मूठभर बसतील. हे गणित मांडायला शाळेची पायरी चढावी लागत नाही.

विलीनीकरणविरोधी प्रचाराने हे सगळं लोकांपुढे ठेवलं, आणि त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठी दैनिक 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचं होतं. त्याला उत्तर द्यायला मडगावहून दुसरं दैनिक निघत होतं, 'राष्ट्रमत'. चंद्रकांत केणी त्याचे संपादक. तरुण उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. हे विलीनीकरणाच्या विरोधातलं पत्र कोणत्या भाषेत निघत होतं? मराठीत! म्हणजे महाराष्ट्रात जायचं की नाही हा वाद गोव्यातला हिंदू वाचक मराठीतूनच वाचत होता, दोन्ही बाजूंनी. जे गाव वाचू शकत नव्हतं, तिथे एकजण मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत. कोकणी गाणी घेऊन उल्हास बुयांव आणि त्यांचे साथी गावोगाव हिंडत होते. 'आमचें गोंय आमकां जाय' ही घोषणा घुमत होती. देवळाच्या पेडावर, चर्चच्या आवारात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाद रंगत होते.

या कौलात मराठी विरुद्ध कोकणी एवढीच सरळ रेघ नव्हती, हे आपण लक्षात घ्यायला हवं. मराठीवर माया करणारा, घरी ज्ञानेश्वरी वाचणारा माणूस 'दोन पानां'वर शिक्का मारू शकत होता. भाषेवरचं प्रेम आणि राज्याची हद्द या त्याच्या लेखी दोन गोष्टी होत्या. आपल्या पुढाऱ्यांनी त्या एकच मानल्या, आणि तिथे हिशेब चुकला.

१६ जानेवारीला मतदान झालं. तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर मतदारांपैकी ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मत दिलं. म्हणजे जवळजवळ ब्याऐंशी टक्के. ज्या लोकांनी तीनच वर्षांपूर्वी आयुष्यात पहिल्यांदा असं मत दिलं होतं, त्यांची ही हजेरी! निकाल असा : विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७०. वेगळं राहण्याच्या बाजूने १ लाख ७२ हजार १९१. फरक ३४ हजार २१ मतांचा.

या आकड्यांकडे नीट बघा. वैध मतांतली पंचावन्न टक्क्यांहून अधिक मतं 'दोन पानां'ना पडली होती. ख्रिस्ती मतदार चाळीस टक्क्यांच्या आत. एकूण एक ख्रिस्ती माणसाने विरोधात मत दिलं असं धरलं, तरी उरलेली पंधराएक टक्के मतं कुठून आली? ती हिंदूंचीच असणार. म्हणजे ज्या घरांना मगोने आपलं म्हणून मोजलं होतं, त्यातल्या कित्येकांनी मगोच्या सर्वांत मोठ्या मागणीला नकार दिला. उत्तरेकडच्या पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत फुलाला अधिक मतं पडली आणि सासष्टीत पानांना भरघोस. पण बाकीच्या ठिकाणीही मतं ठरल्या कप्प्यांत पडली नाहीत.

आणि ज्या १ लाख ३८ हजारांनी फुलावर शिक्का मारला, त्यांनाही कोणी भोळं समजू नये. कूळ-मुंडकाराला वाटत होतं, की छोट्या गोव्यात भाटकारांचं वजन कायम राहील. मोठ्या राज्यात गेलो तर ते आपोआप कमी होईल. महाराष्ट्रात कुळकायदा झाला आहे, फुले-शाहूंच्या विचारांची परंपरा आहे, हे त्याने ऐकलं होतं. त्याचंही उत्तर विचार करूनच दिलेलं होतं. दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या आयुष्याचा ताळेबंद मांडून आली होती.

आता तिसऱ्या हिशेबाकडे येऊ. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती मुख्यतः याच भागासाठी. जनमत कौलात युनायटेड गोवन्सचा विजय झाला. मगोची मुख्य मागणीच लोकांनी फेटाळली. ज्या मागणीवरून पक्षाचं नाव पडलं तीच गेली, तर पक्षाचं काय उरलं? दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक होती. युनायटेड गोवन्सला वाटलं, आता सत्ता आपलीच. कोणालाही तसंच वाटलं असतं.

२८ मार्च १९६७ रोजी मतदान झालं. मगोला जागा मिळाल्या सोळा. गेल्या वेळेपेक्षा दोन अधिक! युनायटेड गोवन्सला पुन्हा बारा. अपक्ष दोन. एप्रिलमध्ये भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि १९७३ साली त्यांचं निधन होईपर्यंत लोकांनी त्यांना खाली उतरवलं नाही.

१६ जानेवारी ते २८ मार्च, म्हणजे एकाहत्तर दिवस. मतदार तेच, गावं तीच आणि मतदान केंद्रंही बहुतेक तीच. जानेवारीत त्यांनी भाऊसाहेबांना सांगितलं, तुमचं हे म्हणणं आम्हाला मान्य नाही. मार्चमध्ये सांगितलं, पण राज्य तुम्हीच करा. गावात मराठी प्राथमिक शाळा निघाली होती. १९६४ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला होता. मुख्यमंत्री आपल्यातला आहे आणि त्याच्या दारात जाता येतं, असं बहुजन समाजाला वाटत होतं. हे सगळं लोकांना हवं होतं, विलीनीकरण नको होतं. पुढाऱ्यांनी दोन्हींची एक मोट बांधून दिली होती. लोकांनी ती सोडली आणि हवं ते ठेवून घेतलं.

काहींनी याला त्या वेळी मतदारांचा गोंधळ म्हटलं असेल. माझं मत उलट आहे. गोंधळ पुढाऱ्यांचा होता. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली, असं ते धरून चालले होते. काँग्रेसने मुक्तीच्या आनंदाला पाठिंबा समजलं, मगोने सत्तेच्या कौलाला विलीनीकरणाचा होकार समजलं, आणि युनायटेड गोवन्सने विलीनीकरणाच्या नकाराला सत्तेचं आमंत्रण समजलं. चूक तिघांची एकच.

आपल्या महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना तर हे आधीच कळायला हवं होतं. कारण अवघ्या दहा वर्षांपूर्वी असंच गणित त्यांच्या बाबतीत चुकलं होतं. नोव्हेंबर १९५६ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र करून द्वैभाषिक मुंबई राज्य स्थापन झालं. मराठी माणूस आज रागावला आहे, उद्या विसरेल आणि बैलजोडीवर शिक्का मारील, असा दिल्लीचा आणि इथल्या काँग्रेसचा अंदाज. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडातून थोडक्या मतांनी निवडून आले. तो निकाल दिल्लीने वाचला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मग १९६२ ची निवडणूक आली. महाराष्ट्र मिळवून देणाऱ्या समितीला लोक डोक्यावर घेतील? काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या! आपल्या मतदारानेही दोन प्रश्न वेगळे ठेवले होते. राज्य मिळवण्यासाठी एकाला मत, राज्य चालवण्यासाठी दुसऱ्याला. जनमत कौलाच्या वेळी तेच यशवंतराव केंद्रात गृहमंत्री होते. आपल्या माणसाचं शहाणपण आपण कौतुकाने सांगतो. शेजारच्या माणसाला तितकंच शहाणपण असेल, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

पुढेही हे घडतच राहिलं. १९७७ साली आणीबाणीत वर्तमानपत्रं सेन्सॉरखाली, विरोधी पुढारी तुरुंगात. लोकांना काय कळणार, या भरवशावर इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली असं पुष्कळ अभ्यासक मानतात. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. नसबंदीची गाडी कोणत्या गावात आली होती, हे सांगायला लोकांना वर्तमानपत्र लागलं नाही. आणि तीनच वर्षांनी, १९८० साली, भांडणाऱ्या जनता पक्षाला बाजूला सारून त्याच लोकांनी इंदिराबाईंना परत आणलं. अलीकडचं उदाहरण ओडिशाचं. २०१९ साली तिथे लोकसभेची आणि विधानसभेची मतदानं एकाच दिवशी, एकाच केंद्रात झाली. विधानसभेत बिजू जनता दलाला १४७ पैकी ११२ जागा आणि भाजपला २३. लोकसभेच्या २१ जागांत मात्र भाजपला ८. त्याच खोलीत, दोन मिनिटांच्या अंतराने, मतदाराने राज्यासाठी एक आणि देशासाठी दुसरं बटण दाबलं.

मतदार कधी चुकत नाही, असं माझं म्हणणं नाही. तो फसतो, पैशालाही भुलतो, द्वेषालाही बळी पडतो. सगळ्याच माणसांचं तसं होतं, पुढाऱ्यांचंही. पण मत देताना त्याच्यापाशी स्वतःची माहिती असते आणि ती बहुधा पुढाऱ्याला वाटते त्यापेक्षा जास्त असते. पुढारी त्याला वर्तमानपत्रं आणि भाषणांवरून मोजतो. त्याची माहिती मात्र रेशनच्या रांगेतून, तलाठ्याच्या कचेरीतून, मुंबईहून आलेल्या भावाकडून, दवाखान्याच्या बाकावरून आलेली असते. ती प्रचाराच्या गाडीवरून दिसत नाही, एवढंच.

आज गोव्यात १६ जानेवारी 'अस्मिताय दीस' म्हणून साजरा होतो. १९८७ साली गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही वापर कायद्याने चालू राहिला. तिथे मराठी दैनिकं आजही निघतात आणि मराठी नाटकं आजही देवळांच्या जत्रांत रात्र रात्र रंगतात. त्या कौलाने मराठीचं गोव्यातलं स्थान गेलं नाही. १९६७ साली हे आपल्याकडच्या पुष्कळांना पटलं नसतं, पण दोन पानांवर शिक्का मारणाऱ्या कित्येकांना ते तेव्हाच ठाऊक होतं.

'कौल' हा शब्द आपण सहज वापरतो. कोकणात आणि गोव्यात तो देवळातला शब्द आहे. देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या किंवा पानं लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि पाकळी कोणत्या बाजूची पडते त्यावरून होकार किंवा नकार समजतात. त्याची एक रीत आहे. प्रश्न एका वेळी एकच विचारायचा आणि तो स्पष्ट शब्दांत विचारायचा. पडलेल्या पाकळीचा अर्थ त्याच प्रश्नापुरता घ्यायचा. पुढचं काही विचारायचं असेल तर पाकळ्या पुन्हा लावायच्या. शेतात नांगर घालायचा कौल मिळाला म्हणून त्यातच मुलीचं लग्न ठरलं, असं कोणी समजत नाही. जनतेच्या कौलालाही हीच रीत लावली असती, तर १९६३ पासून आजवर किती पुढाऱ्यांचे किती हिशेब वाचले असते!